तिसऱ्या मजल्याचं कुलूप

लातूरच्या कोचिंगच्या गल्लीत, मुलींच्या हॉस्टेलात धुरपताबाई स्वयंपाकाला होती. तीन दिवस झाले, सकाळी शेगडी पेटवली की तिच्या तळपायाखाली घरघर व्हायची.

"मावशी, कुठं बोअर पाडत असतील," अर्धापूरची जेबा म्हणायची. डॉक्टरकीची परीक्षा दहा दिवसांवर आलेली. तिला वहीतून डोकं काढायला फुरसत नव्हती.

धुरपताबाईला ती घरघर ओळखीची होती. ब्याण्णव साली किल्लारीकडच्या तिच्या गावातही जमीन अशीच गुरगुरायची. आधी माणसं अंगणात झोपली, मग कानांना सवय झाली. पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्री तिची चार वर्षांची लेक महामाया अंगणातच झोपायचं म्हणून हटून बसली. "गार वारं सुटलंय," म्हणत धुरपताबाईनंच तिला उचलून आत निजवलं. पहाटे दगडमातीची भिंत बसली. आई जिवंत निघाली; लेक निघाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फळीवरची ताटं आपसूक वाजू लागली. तिनं गॅस बंद केला, खुंटीवरची किल्ली ओढली आणि जिना चढली. अभ्यासाच्या वेळी मुली खाली उतरू नयेत म्हणून मालक किशनराव तिसऱ्या मजल्याच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचा. घाईत किल्ली कुलपात बसेना. कशीबशी बसली.

"पळा गं! वह्या राहू द्या!"

शेवटची मुलगी रस्त्यावर आली आणि जमीन हादरली. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली.

"चार सेकंद हललं, अन् सगळ्या पोरी रस्त्यावर आणल्या?" किशनराव ओरडला. "आईबापांना कळलं तर हॉस्टेल रिकामं होईल. किल्ली दे!"

"कुलूप लावणार न्हाई म्हणा, मग देते."

"उद्यापासून येऊ नको."

तिनं किल्ली गटारात फेकली.

मुली एकेक करून वर गेल्या. जेबा तेवढी गेली नाही. तिनं भेगेत बोट घालून पाहिलं. अर्धं आत गेलं. तिनं घरी फोन लावला. "अब्बा, आजच न्यायला या."

दुपारी तिचे अब्बा, गुलाम रसूल, दारात आले. जेबाचं सामान आणायला धुरपताबाई वर गेली. जाळीला नवं कुलूप होतं. आतल्या मुलींनी जेबाची पुस्तकं गजांमधून एकेक करून बाहेर दिली.

"मावशी, आता थांबलं ना?" एकीनं विचारलं.

धुरपताबाईला खोटं बोलवेना.