पाऊल कुणाचं?

"पुन्हा लाव," अंपारो म्हणाली.

नगरपालिकेच्या नाचाच्या प्रदर्शनाचं काम करणाऱ्या नूरियानं पुन्हा लावलं. जेवणाच्या टेबलावर मेणकापड होतं, त्यावर तिचा लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर जयपूरची एक बाई घुंगरू बांधून नाचत होती. टाच, टाच, चवडा. मग उजवं पाऊल जमिनीला टेकता टेकता अडलं, चार बोटं पुढे सरकलं आणि तिथे आपटलं. नूरियानं लगेच दुसरी फिल्म लावली. त्यात अंपारोची मुलगी साराय याच खोलीत नाचत होती. टाच, टाच, चवडा. पाऊल अडलं, सरकलं, आपटलं.

"बघितलंत? हजार वर्षं, अंपारोबाई! तुमचे लोक राजस्थानातून निघाले ते हे पाऊल बरोबर घेऊन."

"आणि आम्हाला पत्ताच नाही," अंपारो म्हणाली.

अंपारो आठवडी बाजारात मोजे आणि चादरी विकते. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात ती कुठून आली हे तिला बऱ्याच जणांनी सांगून झालं होतं. लहानपणी पाद्री म्हणायचे, तुम्ही हितानो, म्हणजे जिप्सी लोक, इजिप्तचे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुमच्या गाण्यातला तो हुंदका आफ्रिकेतून आलेल्या मूर लोकांचा. एकदा बाजारात एक चष्मेवाले प्राध्यापक भेटले. ते म्हणाले, फ्लामेंको नाच इथल्याच गरीब शेतमजुरांनी उभा केला, तुम्ही फक्त तिखटमीठ लावलं. आणि जाताना तीन जोड मोजे घासाघीस करून घेऊन गेले. वडिलांना विचारावं तर ते म्हणायचे, "आपण लेब्रिहा गावाहून इथे हेरेसला आलो, गाढवाच्या गाडीतून. मी स्वतः गाडीत होतो." यातलं खरं काय हे अंपारोला कधी कळलं नाही, आणि मोजे विकायला ते कळण्याची गरजही पडली नाही.

आज मात्र पडली होती. शनिवारी नगरपालिकेचं प्रदर्शन उघडणार होतं. सारायची फिल्म तिथल्या भिंतीवर चालणार, आणि खाली पाटी. पाटीचा मजकूर संध्याकाळपर्यंत छापखान्यात जायचा होता. नूरियानं तो वाचून दाखवला, "मूळ: भारत. कुणाकडून शिकली: अज्ञात."

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. सारायला विचारलं तर ती म्हणाली, आईला विचारा."

अज्ञात कसलं! शिकवणारी अंपारोच्या पाठची बहीण होती.

आम्हा हितानो लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. बहीण गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिचे फोटो ट्रंकेत गेले, नाचाचे बूट जाळले, तिला आवडायची म्हणून आईनं बडीशेपेची दारू कायमची सोडली. कुणी तिच्याबद्दल बोलायची वेळ आली तर "ती बिचारी" एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. म्हणून मीही तिचं नाव इथे घेणार नाही.

ते पाऊल कसं आलं हे अंपारोनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या जुन्या चाळीच्या अंगणात मोरीचं झाकण फुटलेलं होतं. सात वर्षांची ती तिथे नाचायची. पाय खड्ड्याशी आला की अडायचा, चार बोटं सरकून पलीकडे आपटायचा. आधी सगळे हसले. मग ती सपाट फरशीवरही तसंच करायला लागली आणि बायका टाळ्या सोडून कौतुकानं ओरडायला लागल्या. पुढे तिनं ते छोट्या सारायला शिकवलं. इतकं सरळ होतं सगळं. आणि आता ही जयपूरची बाई!

"काय गं पोरी," अंपारोनं विचारलं, "तिकडेही अंगणात मोरीचं झाकण फुटलं होतं की काय?"

"कसली मोरी?"

"काही नाही." अंपारो खिडकीकडे वळली. तिथे तिची आई शेंगा सोलत बसली होती. "आई, तुझी आजी नाचताना पाय असा अडवायची का गं?"

"मला काय ठाऊक? आजी नाचायला लागली की आम्ही पोरं ताटावर तुटून पडायचो. पायाकडे बघायला वेळ कुणाला होता?"

अंपारोचं डोकं चालेना. पाऊल खरंच तिकडचं असेल तर गेलेल्या जिवाला उगाच कशाला हाक मारायची? आणि बहिणीचं असेल तर भिंतीवर 'अज्ञात' लिहू द्यायचं? त्यातून आई समोर बसलेली. तिच्यासमोर ते नाव घ्यायचं म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेवरची खपली काढायची. ती उठली, नळाचं पाणी प्यायली, परत येऊन बसली.

"गेलेलं कुणी असेल तर राहू द्या ना," नूरिया हळूच म्हणाली. "मला तुमचा रिवाज माहीत आहे."

"अज्ञात खोड," अंपारो म्हणाली, "आणि लिही." आणि तिनं बहिणीचं नाव सांगितलं. नाव आणि आडनाव.

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. नूरियाची बोटं चालली आणि तीही थांबली. खिडकीकडे बघायचा अंपारोला धीर होईना. तिला रडू फुटत होतं आणि आपण बरोबर केलं की पाप, हेही समजत नव्हतं.

"आई, चुकले असेन तर..."

"काय लिहिलंस, वाच," आई नूरियाला म्हणाली.

नूरियानं वाचलं.

"दुसरं आडनाव कुठंय?"

"आजी, पाटीवर जागा थोडी आहे, म्हणून फक्त वडिलांचं..."

"बापानं एकट्यानं जन्माला घातली होती काय तिला? माझं आडनाव लाव. बेर्मुदेस."

नूरियानं 'बेर्मुदेस' लावलं. "आणि वरचं 'मूळ: भारत'? ते ठेवू की काढू?"

"ठेव बाई," अंपारो डोळे पुसत म्हणाली. "आलं असेल तिकडून. मला काही कळत नाही. आमच्या घरात मात्र तिनंच आणलं."

आई उठली आणि ॲप्रनला हात पुसत टेबलाशी आली. तिला वाचता येत नाही. "कुठं आहे ती?" तिनं विचारलं. नूरियानं पडद्यावरची ओळ दाखवली. म्हातारीनं त्या अक्षरांवर बोट टेकलं आणि तसंच ठेवलं. छापखान्यात पाठवायची वेळ टळत चालली होती, पण नूरिया हात मांडीवर ठेवून बसून राहिली.