हॉलवरच्या खोलीबाबत बाबागाडीचं निवेदन

विषय : चर्चच्या हॉलवरची रिकामी खोली एका बाळंतिणीला तात्पुरती राहायला देण्याबाबत.
निवेदन करणार : मी, कोठारातली बाबागाडी.

मी बाबागाडी बोलतेय. सभेच्या इतिवृत्तात माझी नोंद 'चाकं असलेलं सामान' एवढीच आहे आणि सामानाने बोलू नये, हा नियम मलाही ठाऊक आहे. पण ज्यांनी बोलायचं ते घसा खाकरण्यापलीकडे जात नाहीत, म्हणून मला तोंड उघडावं लागलं.

कारखान्यात माझ्यावर निळं छत्र बसवलं, चाकांना तेल घातलं, तेव्हा माझ्याही काही कल्पना होत्या. एका दुकानदाराने मला इथल्या चर्चच्या जीवनरक्षा समितीला, म्हणजे 'पोटातलं मूल पाडू नका' म्हणणाऱ्यांना, भेट दिलं. अडलेल्यानडलेल्या आईला उपयोग व्हावा, हा हेतू. समितीने ठराव करून आभार मानले आणि लगेच ती पेचात पडली. एका आईला गाडी दिली तर दुसरी विचारणार, मला का नाही? शिवाय बाळ म्हटलं की ओलं आलंच. गादी खराब होणार. शेवटी सर्वानुमते ठरलं, की गाडी कोणालाच द्यायची नाही. म्हणजे कोणावरही अन्याय नको.

रविवारची उपासना, मिस्सा, संपली की मला चर्चच्या दाराशी उभं करत. लोक माझ्यात दुधाचे डबे, साबण, लोकरीचे मोजे टाकत. मधल्या दिवसांत सामाजिक न्याय समिती मला मागून नेई. तिचा लाउडस्पीकर माझ्यात अगदी मापाने बसे. न्याय समितीची सभा सोमवारी, जीवनरक्षा समितीची गुरुवारी. माणसं बहुतेक तीच, अध्यक्षसुद्धा तेच. वाईट माणसं नव्हेत हो. पुराच्या पाण्यातून धान्याची पोती डोक्यावर वाहताना मी त्यांना पाहिलंय. पण समोर अर्ज आला की त्यांच्या अंगात कोण शिरतं, देव जाणे.

दोन्हीकडे मनापासून राबते ती घाईमावशी. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली विधवा. चालता चालता बोलते, बोलता बोलता निघून जाते, म्हणून हे नाव. विषयात म्हटलेली ती पोर तिच्याच नजरेला पडली.

पोर लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि थोरल्या बहिणीकडे राहायची. दिवस गेल्याचं कळलं तसं दाजींनी तिचं बोचकं दाराबाहेर ठेवलं. बाळाचा बाप ट्रक घेऊन गेला, तो गेलाच. त्यानंतरच्या रविवारी ती माझ्याशेजारी घुटमळत होती. मावशीने तिला कोठारात नेऊन खोक्यावर बसवलं.

"मावशी, मला हे झेपायचं नाही. उद्या दवाखान्यात जाते नि मोकळी होते."

"तुला मूल हवंय का? माझ्याकडे बघून सांग."

पोरीने मान वर केली. मग म्हणाली, "हवंय. पण ठेवू कुठे? इस्त्रीच्या टेबलाखाली?"

"मूल ठेव, बाळा. जागेचं आमच्याकडे लागलं."

आमच्याकडे! मावशीने साऱ्या चर्चच्या वतीने शब्द दिला. चर्चला विचारलं नंतर.

हॉलवर एक खोली आहे, मोरीसकट. तिथे जुने पडदे राहतात, बिनभाड्याने. मावशीने सोमवारी अर्ज दिला. अध्यक्ष म्हणाले, "बाई गरोदर आहे. हा गुरुवारचा विषय." गुरुवारी म्हणाले, "प्रश्न घराचा आहे. सोमवारच्या सभेकडे पाठवा."

"अहो, सोमवारी तुम्हीच तर होतात!"

"तेव्हा मी त्या नात्याने होतो, मावशी."

फादर मऊ मनाचे. समित्यांच्या वर जाणं त्यांना बरं वाटेना; त्यांनी पोरीसाठी नऊ दिवस प्रार्थना ठेवली. प्रार्थनेला गर्दी चांगली झाली. पडदे मात्र जागचे हलले नाहीत.

तोवर पोर मावशी राहते तिथे, तिच्या मुलाच्या घरी, स्वयंपाकघरात अंथरूण टाकून. सुनेने आधी आनंदाने केलं, मग नुसतं केलं, मग भांडी आपटत केलं. "आई, पुण्य तुमचं, आणि त्याला ओलांडून चहा करायचा मी!"

मुलगी झाली. गुरुवारच्या सभेत टाळ्या वाजल्या. एक जीव वाचला, कार्य सफळ झालं, असं अध्यक्ष म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की अर्जदार आता गरोदर राहिलेली नाही. सबब जुना अर्ज बाद. मावशीने नवा केला. त्याचंही भिजत घोंगडं.

सुनेने मुदत दिली. पोर बालगृहाच्या सिस्टरांना भेटून आली, बाळ घेतात का विचारायला. ते कळलं त्या दिवशी मावशी कोठारात शिरली. माझ्यातले डबे, मोजे, साबण तिने जमिनीवर उपसले आणि बाळाला माझ्यात ठेवलं. कोणाची परवानगी घेतली नाही. डब्यांचं वजन मला पाठ होतं. हे वजन श्वास घेत होतं. माझं एक चाक कुरकुरतं, ते मी त्या दिवशी दाबून धरलं.

मावशीने मला थेट सभेत ढकललं. पोर मागे, दारातच उभी.

"हा घ्या तुमचा वाचवलेला जीव. आता सांगा, ठेवू कुठे?"

सगळे उठून माझ्याभोवती जमले. "अगं बाई, किती गुणी! रडतसुद्धा नाही." "नाक बघा, नाक!" अध्यक्षांचे डोळे खरोखर पाणावले. चर्चच्या मासिकासाठी फोटो काढला. त्यात मीही आले. मग सगळे खुर्च्यांवर बसले आणि अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "मावशी, भावनेच्या भरात निर्णय नको. एकीला खोली दिली, तर उद्या दुसरी येईल."

"येऊ दे की! त्यासाठीच तर आपण बसलोय ना इथे?"

खजिनदारबाईंनी माझी गादी तेवढी चाचपून पाहिली.

व्हरांड्यात पोर म्हणाली, "मावशी, सिस्टरांना या म्हणून सांगते."

"थांब गं, अजून एक सभा आहे. मी पाया पडते त्यांच्या."

"नका पडू. तुम्ही खोटं नाही बोललात. तुमच्याकडे नव्हतंच, ते देऊन बसलात."

मावशीने बाळाचं पांघरूण सारखं केलं. 'मूल ठेव' हे तिनेच म्हटलं होतं, आणि पोरीने ठेवलं होतं.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाची त्या सभेत ओळख असेल, तर एवढंच सांगा : पडद्यांना कुठेही झोप लागते.

आज सकाळपासून मी हॉलच्या जिन्याखाली उभी आहे. बाळ माझ्यात आहे. पोर त्याच्याकडे न बघता त्याचे कपडे पिशवीत भरते आहे. मावशीने माझी दांडी दोन्ही हातांनी धरली आहे. सिस्टर दुपारी यायच्या आहेत.

हॉलवरच्या खोलीचा अर्ज सामाजिक न्याय समितीने जीवनरक्षा समितीकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे. अभिप्राय अद्याप आलेला नाही.