दहावा माणूस बेपत्ता

आमच्या सोसायटीतला अवधूत 'खाडीकाठ लाईव्ह' नावाचं बातम्यांचं चॅनल चालवतो. म्हणजे एक मोबाईल, एक माईक आणि तो. त्याच्याकडे एकंदर सहा-सात शब्द आहेत, त्यांवर त्याचा संसार चालतो. रोडपालीत मांजर पाइपात अडकलं की थरारनाट्य. उलव्यात वाऱ्याने पत्र्याची कमान पडली की मृत्यूचं तांडव, मेलं कोणी नसलं तरी. पाणी उशिरा आलं की संतापाची लाट. आणि काहीच झालं नाही तर परिसरात एकच खळबळ. मी त्याच परिसरात राहते. मला ती खळबळ अजून दिसलेली नाही.

तरी त्याच्याकडे मदत मागायला मीच गेले, कारण दुसरा इलाज उरला नव्हता.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आईला जाऊन वर्ष होत होतं आणि गुरुवारी सकाळी पप्पांना सिनेगॉगमध्ये तिच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं होतं. त्याला दहा पुरुष लागतात. एक जरी कमी असला तरी कद्दिश म्हणता येत नाही. बायका या मोजणीत धरत नाहीत. मी बँकेची अख्खी शाखा सांभाळते, पण इथे माझी किंमत रिकाम्या बाकाएवढी. आमचे अर्धे लोक इस्रायलला गेले, उरलेल्यांचे गुडघे गेले. फोनाफोनी करून कसेबसे नऊ जमले.

दहावा होता, तोही रोडपालीतच. पप्पांचा सख्खा धाकटा भाऊ, बेनकाका. पण एका लग्नात पप्पा त्याला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बेन, तू गायला लागलास की सिनेगॉगची कबुतरं उडून जातात." तेव्हापासून काकाने बोलणं टाकलं. आईच्या मातीला आला तोही लांब उभा राहिला आणि कोणाला न भेटता निघून गेला. आता मी फोन केला तर म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, कबुतरांना बोलाव."

मी अवधूतला साधा मजकूर दिला. गुरुवारी सकाळी प्रार्थनेसाठी एका ज्यू पुरुषाची गरज आहे, परगावचा पाहुणाही चालेल. त्याने वाचून तोंड वाकडं केलं.

"सॅलीताई, यात काहीच नाहीये. कोण थांबेल वाचायला?"

"थांबवायचं नाहीये, अवधूत. बोलवायचंय."

"बघतो मी."

त्याने बघितलं. बुधवारी संध्याकाळी चॅनलवर झळकलं: 'पनवेल हादरलं! सिनेगॉगचा दहावा माणूस बेपत्ता! इनॉक काकांच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर!' खाली पप्पांचा फोटो आणि पप्पांच्या डोक्याभोवती लाल गोल.

अर्ध्या तासात लोकांनी पप्पांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. समोरच्या रमाकाकू खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. दार पप्पांनीच उघडल्यावर पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं. एका हवालदाराने घरी फोन करून बेपत्ता इसमाची माहिती मागितली. पप्पा म्हणाले, "बोलतोय." माझा फोन सांत्वनाने तुंबून गेला. पप्पा मात्र एकच विचारत होते, "पण दहावा मिळाला का?"

सकाळी सिनेगॉगच्या फाटकाशी ही गर्दी. शेजारी, रिक्षावाले, शिवाय कोन गावाहून आलेले बळीराम आणि काशिराम नावाचे दोघे. बळीराम पप्पांनाच सांगत होता, "आमी सगला रस्ता बघत आलो, काका. म्हातारा काय गावला नाय." सगळी भली माणसं, पण त्यात ज्यू एकही नाही. पप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे, सॅली. तिला कळेल." माझा जीव तुटला. अवधूत समोर असता तर मी त्याचा माईक त्याच्याच घशात घातला असता.

तेवढ्यात एक रिक्षा कचकन थांबली. बेनकाका. एका पायात चप्पल, दुसऱ्यात सँडल, शर्टाची बटणं वरखाली. पहाटेपासून तो एस.टी. स्टँड, तलाव, दवाखाने पालथे घालत होता. पप्पांचा नंबर त्याने रागाने कधीच पुसून टाकला होता आणि माझा फोन काही लागत नव्हता. शेवटी घरी पोचला, तोवर आम्ही कुलूप लावून इकडे आलो होतो.

"इनॉक कुठाय? इनॉक!" गर्दी ढकलत तो आत घुसला आणि पप्पांसमोर येऊन थबकला. "तू... तू बेपत्ता होतास ना?"

"मी नाही. तू होतास," पप्पा म्हणाले. "आत ये, उशीर होतोय."

पप्पांनी कद्दिश म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. बाहेर रिक्षावाले डोक्याला रुमाल बांधून उभे होते.

नंतर अवधूत माईक घेऊन आत आलाच. "काका, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय. दहा जण होते."

"अजून काहीतरी बोला ना, काका."

"चहा घेऊन जा."

दुपारी चॅनलवर आलं: 'भावांची भेट! इनॉक काकांच्या अश्रूंचा बांध फुटला!' साफ खोटं. पप्पांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी वर बायकांच्या गॅलरीत होते, मला सगळं दिसत होतं. रडत होता तो बेनकाका, शेवटच्या बाकावर, तोंडात रुमाल कोंबून, आणि मधूनमधून नुसतं "वहिनी, वहिनी" म्हणत होता. अवधूत तेव्हा बाहेर गर्दीचं शूटिंग करत होता.