चुकले की वाजणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझ्याकडे पाहून कुणाला तसे वाटत नाही. तोंड हे एवढे मोठे, आवाज असा की रस्त्यात झोपलेले कुत्रे ताडकन उठून पळावे. पण मला स्वतःहून ओरडता येत नाही. माझ्या मानेच्या टोकाला एक रबरी फुगा आहे. तो कुणीतरी दाबायचा, आतली हवा घशातल्या पातळ पत्तीवर आपटायची, तेव्हा कुठे मी वाजणार. समोर संकट दिसते आहे, घशात आवाज तयार आहे आणि दाबणारा हातच नाही, ही भीती मी एकदा भोगली आहे. तीच तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका पितळकामाच्या दुकानात झाला. दुकान कसले, एक अरुंद खोली होती ती. दाराशी भट्टी, भिंतीवर बँडवाल्यांची पोचे आलेली वाद्ये आणि मध्ये मांडी घालून बसलेला कारागीर. त्याने पत्रा कापला, गोल ठोकला, सांधा भरला आणि चिंचेने घासघासून मला चकचकीत केले. मग फुगा बसवून पहिल्यांदा दाबला. माझ्याच आवाजाने मी असा दचकलो की काय सांगू. कारागीर मात्र खूश झाला. "घसा बरा आहे," एवढेच म्हणाला.

पुढची बरीच वर्षे मी पाव-बिस्किटे विकणाऱ्या एका हातगाडीवर काढली. ते दिवस सुखाचे होते. माझा आवाज आला की दारे उघडत, मुले धावत येत. पण गाडीवाला थकला, गाडी मोडीत निघाली आणि तिच्याबरोबर मीही भंगाराच्या दुकानात जाऊन पडलो. तिथे मी काळवंडलो, फुग्यावर धूळ बसली. रोज कुणीतरी येऊन पितळेचा भाव विचारी आणि आता आपल्याला वितळवायला भट्टीत टाकणार, असे मला वाटे.

एके दिवशी एक आडव्या अंगाचा, झुपकेदार मिशांचा माणूस आला. त्याने मला उचलले, पुसले, एकदा वाजवले आणि काही न बोलता काखोटीला मारून घेऊन गेला. त्याची स्वतःची प्रवासी गाडी होती. भल्या पहाटे निघून तो लोकांना मुघल बादशहांच्या जुन्या इमारती दाखवायला नेई. आधी बादशहाने आपल्या बेगमेसाठी बांधलेली पांढरी संगमरवरी कबर, मग तिच्याजवळचा लाल दगडाचा किल्ला आणि संध्याकाळी घरी परत. उगवत्या सूर्याचा पहिला उजेड त्या पांढऱ्या घुमटावर पडताना पाहायचा, हे या सहलीचे खरे आकर्षण होते. बादशाही सहलीला बादशाही थाट हवा म्हणून त्याने मला गाडीच्या पुढच्या बाजूला बसवले. माझे तोंड बाहेर रस्त्याकडे, मान वळवून आत आणि फुगा थेट त्याच्या हाताशी. त्यामुळे मला रस्ताही दिसे आणि त्याची बोटेही कळत.

त्याच्या शेजारी गाईड बसे. हा गाईड म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो चालकाला दाजी म्हणे आणि दाजी त्याला पोपट म्हणत, कारण त्याच्या तोंडाला खंड नसे. पोपट प्रवाशांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याकडे पाठ करून बसे आणि बादशहांच्या गोष्टी रंगवून सांगे. दाजींचा चेहरा काही त्याला दिसत नसे.

दाजी मनाने सोन्यासारखे होते, पण मानापमानाच्या बाबतीत फार हळवे. सुरुवातीला एकदा पोपटाने सहज विचारले होते, "दाजी, झोप झालीये ना नीट?" झाले. "मला काय दूधखुळा समजतोस? तू जन्माला यायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी," असे म्हणून दाजी जे गप्प बसले, ते परत येईपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बहिणीच्या नवऱ्याला पुन्हा कोण विचारणार? पोपटाने कानाला खडा लावला.

पण पहाटेची वेळ, सरळसोट रस्ता आणि मागे घोरणारे प्रवासी. गाडी चालवणाऱ्याला झोप लागली तर काय, या विचाराने पोपटाची पाचावर धारण बसे. म्हणून त्याने एक युक्ती काढली. गोष्ट सांगता सांगता तो मुद्दाम चुके. "त्या कबरीला तीन मनोरे आहेत," असे ठणकावून सांगे. दाजींनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की त्यांना ती पाठ होती. चूक कानावर पडली की ते फुगा दाबत आणि मी भोंऽ करून ओरडत असे. मग पोपट म्हणे, "पाहा, आमच्या भोंग्यालासुद्धा इतिहास येतो. तीन नाही, चार." प्रवासी पोट धरून हसत आणि माझे कौतुक करत. माझा आवाज आला की पोपट हळूच निःश्वास टाकी. दाजी जागे आहेत, एवढेच त्याला हवे असे.

पुढे दाजींना मुलगी झाली. त्या दिवसापासून पोपटाला आणखी एक खोडी सापडली. "नाकडोळे थेट मामाचे घेतलेत हो पोरीने," असे तो प्रवाशांना सांगे आणि दाजी मला इतका वेळ दाबून धरत की मागचे लोक कानांवर हात ठेवत. या एका गोष्टीवर दाजी कधीही गप्प बसले नाहीत.

त्या पहाटे गाडी दाराशी उभी होती. ताई, म्हणजे पोपटाची बहीण, बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि भावाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "रात्रभर हिने डोळ्याला डोळा लागू दिला नाही. हेच फिरवत होते हिला. आज नका जाऊ म्हटलं, तर ऐकत नाहीत. लक्ष ठेव रे."

दाजींनी फुग्यावर हात ठेवला तेव्हाच मला काय ते कळले. रोजची घट्ट, उबदार बोटे आज ढिली आणि गार होती.

गावाबाहेर पडलो आणि धुक्याने रस्ता गिळला. दिव्यांचा उजेड हातभर पुढे जाऊन विरून जात होता. मी तोंड वासून त्या पांढऱ्या अंधारात पाहत होतो आणि जीव मुठीत धरून होतो. त्यात मागून एका प्रवाशाने घाई केली, "जरा दामटा की, सूर्य काय आपल्यासाठी थांबणार आहे?" दाजींनी गाडीचा वेग वाढवला.

चालकाच्या मागच्याच जागेवर एक बाई बसल्या होत्या. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आणि ही सहल किती तरी वर्षे मनात धरून ठेवलेल्या. त्या टक्क जाग्या होत्या.

पोपटाने गोष्ट सुरू केली. म्हातारपणी बादशहा लाल किल्ल्यात कैदेत पडला, इथपर्यंत आला आणि म्हणाला, "आणि मंडळी, त्याला कैदेत टाकलं त्याच्या सख्ख्या भावाने."

दाजींची बोटे किंचित हलली. पण त्याआधीच बाई म्हणाल्या, "भावाने नव्हे, मुलाने."

चूक दुरुस्त झाली होती. आता दाजींनी मला कशाला वाजवावे? त्यांची बोटे पुन्हा सैल पडली. पोपट थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला, "कबरीला तीन मनोरे आहेत."

"चार," बाई म्हणाल्या. या वेळी दाजींची बोटे हललीसुद्धा नाहीत.

"बाई, तुम्ही जरा थांबाल का?" पोपटाने काकुळतीला येऊन विचारले.

"चूक ऐकून गप्प बसायची सवय नाही मला. शिकून यायचं मग बोलायचं." बाकीचे प्रवासी बाईंच्या बाजूने हसले. "कसला गाईड मिळालाय," असेही कुणी तरी पुटपुटले. त्यात बाईंचा तरी काय दोष? हा खेळ कशासाठी चालतो, हे त्यांना कुठे ठाऊक होते? पण मित्रांनो, पोपटाच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मागे वळून दाजींकडे निरखून पाहावे, तर प्रवासी घाबरणार आणि दाजी दुखावणार. न पाहावे, तर जीव राहत नाही.

आणि मग फुग्यावरची बोटे एकेक करून सुटली. आधी करंगळी, शेवटी अंगठा. हात घसरून मांडीवर पडला. मला ओरडायचे होते. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बाजूला असायला हवी, ती सरकत सरकत माझ्या तोंडाखाली आली होती. पुढे धुक्यात काहीतरी काळे, चौकोनी दिसू लागले. मागचे दिवे बंद असलेला एक ट्रक कडेला उभा होता. तो मला दिसत होता. फक्त मलाच दिसत होता.

शेवटी पोपटाने हुकमी पत्ता काढला. तो म्हणाला, "मंडळी, बादशहाला मुली होत्या, तशी आमच्या दाजींनाही आहे. आणि अख्खं घर म्हणतं, नाकडोळे थेट मामाचे. बापाचं म्हणून काही घेतलं नाही पोरीने."

ही चूक दुरुस्त करणे बाईंच्या हातात नव्हते. गाडीत एकच माणूस ती दुरुस्त करू शकत होता. पोपट थांबला. चाकांचा आवाज तेवढा येत राहिला. मी वाजलो नाही.

पोपट गर्रकन वळला. दाजींची हनुवटी छातीला टेकली होती. त्याने एका हाताने स्टिअरिंग ओढले आणि दुसऱ्या हाताने मला असे आवळले, की आयुष्यात कुणी आवळले नव्हते. मी ओरडलो. भट्टीपासून भंगारापर्यंतची सगळी भीती त्या एका आवाजात होती. दाजी दचकून उठले, त्यांचा पाय ब्रेकवर गेला, गाडी रस्ता सोडून गवतात घुसली आणि हिसका खाऊन थांबली. ट्रक शेजारीच होता. दाजींनी हात लांबवला असता तर त्याला लागला असता.

माझा फुगा फाटला होता. ते माझे शेवटचे वाजणे.

मग मघाशी घाई करणारा प्रवासीच चाचरत म्हणाला, "आता उजाडेलच. निघू या का?"

"नाही," पोपट म्हणाला. मग तो दाजींकडे वळला आणि ज्या प्रश्नाला इतकी वर्षे भीत होता, तोच त्याने सगळ्यांदेखत विचारला. "दाजी, झोप झाली नाहीये ना?"

"नाही," दाजी म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज इवलासा.

"मग सांगायचं ना मला."

"तू मुद्दाम चुकतोस, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे रे. माझा मान राखून विचारतोस, ते बरं वाटायचं. पण उत्तर द्यायला भोंगा दाबला की झालं, असंच वाटत राहिलं मला. तोंडाने खरं सांगायची सवयच गेली."

ते ऐकून बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय थोपवत होतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. त्यांनी अंगावरची शाल काढली, दाजींच्या अंगावर घातली आणि म्हणाल्या, "झोपा तुम्ही. कबर इतकी वर्षं उभी आहे, ती काही पळून जात नाही."

दाजी मागच्या लांब बाकावर झोपले. प्रवासी लांब गवतात जाऊन उभे राहिले. सूर्य उगवला तो शेताच्या बांधावरून, धुक्यातून, पिवळट आणि निस्तेज. बाईंनी इतकी वर्षे मनात धरलेला सूर्योदय हा नव्हता. पण त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि कुणी कुरकुर केली नाही. घुमटापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. बाईंनी मनोरे मोजले आणि पोपटाकडे पाहून म्हणाल्या, "तीनच आहेत की." पोपटाला हसू आले आणि पाठोपाठ रडूही आले.

आता मी दाजींच्या घरात दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. गाडीला विजेचा हॉर्न आला. मला कुणी घासत नाही, माझ्यावर हिरवट डाग पडले आहेत. पण मला त्याचे दुःख नाही. भीती मात्र अजून गेलेली नाही. पहाटे गाडी सुरू झाली की तिचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत मी कान देऊन ऐकतो आणि संध्याकाळी ती परत आली की माझा जीव भांड्यात पडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार होतो. पण माझी मागणी वेगळी आहे. तुम्हीही कधीतरी पहाटे सहलीला निघाल. गाडीत बसण्याआधी चालवणाऱ्या काकांना विचारा, झोप झाली का. आणि त्यांनी नाही म्हटले, तर रुसू नका, घाई करू नका. आमच्यासारख्या भोंग्यांवर विसंबून राहू नका. आम्हाला दिसते सगळे, पण सांगता येत नाही.

दाजींची मुलगी आता बोलू लागली आहे. नाकडोळे खरेच मामाचे आहेत, पण ते असो. परवा पहाटे दाजी जोडे घालत होते, पोपट बाहेर गाडी पुसत होता. ती डोळे चोळत उठून आली, तिने स्टुलावर चढून खिळ्यावरून मला काढून घेतले आणि फाटका फुगा दाबला. फुस्स करून हवा गेली. मग आईने शिकवलेले तिने विचारले, "बाबा, झोप झाली?"

दाजींनी वर पाहिले. मग म्हणाले, "नाही गं." आणि त्यांनी जोडे काढून ठेवले.