शेवग्यावरचे कोश

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमागं रुपानं शेवगा लावला होता. बुंध्याला चिकटलेले तपकिरी, लोकरीसारखे कोश तिनं मुद्दामच काढले नव्हते. त्यातून फुलपाखरं निघतील, असं तिला वाटायचं.

ती कपडे वाळत घालत होती, तोच लेकीची, चिन्नूची, किंकाळी आली. दीड वर्षाची पोर बुंध्याशी बसून ओठ ओरबाडत होती. तोंडातून लाळ गळत होती आणि जिभेत बारीक केस रुतले होते.

"पाणी पाज वं लवकर!" सासू बेबीबाई ओरडल्या.

"नोको आई, केस घशात जातीन!" रुपानं ओल्या फडक्यानं जीभ पुसली. केस निघेनात, उलट तिचीच बोटं झोंबायला लागली. पोरीचा ओठ डोळ्यांदेखत फुगत चालला. नवऱ्याला, प्रविणला, कळवावं तर फॅक्टरीत मोबाईल गेटवरच जमा. शेवटी शेजारच्या धर्मेंद्रनं गाडी काढली आणि पोरीला मधे घेऊन सासू-सून मागं बसल्या.

दवाखान्यात चिमट्यानं केस काढता काढता डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं ते? किती गिळलंय?"

"कोश होता जी. कशाचा, ते मले नाही मालूम."

"राहिलेला तुकडा शोधून आणा. गिळला असेल तर भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

पोरीला सासूच्या मांडीवर देऊन रुपा धर्मेंद्रच्या गाडीवर परत आली. शेवग्याखालचा पालान् पाला तिनं उलटला. एक कोश सापडला, तो अख्खा. दुसरा जुना, रिकामा. गिळलाच असेल, या विचारानं ती गुडघ्यांवर बसून माती चाचपू लागली. मग भिंतीशी फाटकं आवरण दिसलं आणि त्याच्या शेजारी काळपट, चकचकीत गोळीसारखं काहीतरी. काडीनं डब्यात लोटलं, तर ते वळवळलं.

"सुरवंटाचा कोश," डबा बघून डॉक्टर म्हणाले. "तो स्वतःचेच केस त्यात विणतो. आतला जीव शाबूत आहे, म्हणजे पोरीनं गिळलेलं नाही. यातून पतंग निघतो."

रुपानं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी प्रविण ड्यूटीवरून थेट दवाखान्यात आला. ओठाची सूज उतरली होती, चिन्नू झोपली होती.

"आता तं बरी हाय ना? मंग तू काहून घाबरून राहिली?"

"पाला उलटला तवा पाह्यलं, शेवग्याच्या पानाखाली अंडे बी हायेत जी," रुपा हळूच म्हणाली. "पांढरे, ओळीनं लावलेले. ते कशाचे हायेत, कोनाले मालूम?"

तिनं पोरीच्या दोन्ही मुठी आपल्या हातात धरून ठेवल्या.