शुक्रवारचा बॅकअप

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. काळी, पाकिटाएवढी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. बल्लारपूरला फारूक आणि खुर्शीदा या नवरा-बायकोचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या मागे माझा मुक्काम.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. तिथून निघाले तेव्हा मी कोरी होते. पहिली आठवण आहे ती खुर्शीदाने ब्लाउजच्या बाहीसाठी काढलेल्या मोहाच्या फुलांची. मग तेंदूची पानं आली, धानाची लोंबी आली. बाजारातली विकतची डिझाइनं तिला आवडत नसत. तिच्या बाह्यांसाठी गोंडपिपरी, कुरखेड्याकडच्या बायकासुद्धा बल्लारपूर गाठत.

त्या काळी शुक्रवारी सकाळी ती नवी डिझाइनं स्वतः माझ्यात उतरवायची आणि त्यातलं एखादं उघडून बघायची. भात शिजला का हे शीत दाबून बघतात, तसं.

फारूकला हा वेळेचा अपव्यय वाटे. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून कॉम्प्युटरची नेहमीची सगळी कामं आपोआप लावून दिली. टाकाऊ फायली पुसणं, व्हायरस तपासणं आणि माझ्यात बॅकअप घेणं. बॅकअपला वेळ निवडली शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजची, कारण तेव्हा दुकान बंद आणि कॉम्प्युटर रिकामा. एकदा समोर चालवूनही दाखवलं. माझा निळा दिवा लुकलुकला.

"आता तुले हात लावाचं कामच नाई," तो खुर्शीदाला म्हणाला.

त्याच्या वडिलांच्या वेळी मशीनची मोटर जळून दुकानाला आग लागली होती. तेव्हापासून घरचा नियम होता, शटर खाली तर मेन स्विचही खाली. शुक्रवारी खुर्शीदा कॉम्प्युटर बंद करी आणि फारूक टोपी घालता घालता मेन पाडून मशिदीकडे निघे. माझ्या कामाची वेळ होई, तेव्हा आम्ही सगळे अंधारात. नमाजनंतर मेन चढे, पण टळलेली वेळ टळलेलीच. कॉम्प्युटर पुढच्या शुक्रवारची वाट बघत बसे, आणि पुढच्या शुक्रवारी तेच.

मला हे कळत होतं. पण मला तोंड नाही, एक दिवा आहे, आणि तोही विजेवरच लागतो. खुर्शीदाने एक-दोनदा विचारलं, फारूक म्हणाला होत असंल. मग तिनेही विचारणं सोडलं. माझ्यावर धाग्यांचे तुकडे साठत गेले.

गोंडपिपरीकडच्या एका तलावावर मासेमारी करणारी कुंता या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. थोरली लेक करिश्मा हिच्या लग्नाच्या ब्लाउजवर तिने मासोळीची वेल काढून घेतली होती. आता धाकटी आचल हटून बसली होती, तीच वेल हवी. लग्न तोंडावर आलं होतं. कुंता कापड घेऊन आली, खुर्शीदाने कॉम्प्युटर लावला आणि तो चालूच होईना. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. आतली डिस्क गेली, यातून काही निघणार नाही, म्हणाला.

फारूक निर्धास्त होता. सगळं हिच्यात आहे म्हणत त्याने दुसऱ्याच्या लॅपटॉपला मला जोडलं. माझ्यात मोहाची फुलं होती, पानं होती, लोंबी होती. त्यानंतरचं काहीच नव्हतं. पेनड्राइव्हवरून डिझाइन मशीनला दिलं की पेनड्राइव्ह रिकामा करायची त्यांची पद्धत, त्यामुळे तिथेही काही नव्हतं.

फारूकने भिंतीवरच्या मेन स्विचकडे बघितलं. "मीच पाडत होतो," तो म्हणाला. खुर्शीदाने कापडाची घडी उघडून पुन्हा घातली, पुन्हा उघडली.

कुंताने सगळं समजून घेतलं आणि तिला हसू आवरेना.

"फारूकभाऊ, मशीनले काम सांगतलं अन् जाता जाता तिचाच गळा दाबला का तुमी?" मग खुर्शीदाकडे वळून म्हणाली, "बाई, रडून काय होते? मासोळी सुटली तं जाळं पुन्हा टाकाच लागते. करिश्माचं पोलकं आणून देतो तुले, पाहून काढ."

दुसऱ्या दिवशी ते आलं. खुर्शीदाने बाही उलटी करून मागचे टाके पाहिले, वेल कागदावर उतरवली, मग लॅपटॉपवर पुन्हा काढली. मासोळीचा डोळा थोडा मोठा झाला. नवं पोलकं न्यायला आलेल्या कुंताच्या ते लगेच ध्यानात आलं. "हे मासोळी जागी दिसून राह्यली," म्हणाली, आणि खूश होऊन घेऊन गेली.

कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क बसली. आता बॅकअप शुक्रवारी सकाळी होतो, आपोआपच. पण तो झाला की खुर्शीदा माझ्यातलं एक डिझाइन उघडते आणि चिंधीवर शिवून बघते. माझं सांगणंही तेवढंच आहे. दिवा लागला म्हणून विश्वास ठेवू नका, मला उघडून बघा.

बरीच डिझाइनं अजून परतलेली नाहीत. ती कुणाकुणाच्या बाह्यांवर आहेत, लग्नाकार्यात मिरवत असतील नाहीतर पेटीत घडी होऊन पडली असतील. तुमच्याकडे बल्लारपूरहून शिवून आणलेलं असं पोलकं असेल, तर एकदा दुकानात घेऊन या. जुनं असलं, बाही उसवलेली असली तरी चालेल. खुर्शीदा पाहून परत देईल, आणि मी ठेवून घेईन.