मार्लिस शेवटी काय म्हणाली

प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या बायकांचं संमेलन दर जुलैत भरायचं आणि वर्ना आणि मार्लिस दरवेळी एकाच खोलीत उतरायच्या. वर्ना कॅन्ससची, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. मार्लिस आयोवातल्या एका खेड्यातली, धान्याचा ट्रक चालवणाऱ्या ड्वेनची बायको. वर्षभर फोनवर गप्पा आणि जुलैतले ते चार दिवस नुसता दंगा. नवऱ्याला घरी ठेवून आलेल्या बाया काय काय बोलतात, हे ऐकलं असतं तर त्यांच्या वाचकांनी कानांवर हात ठेवले असते.

यंदा संमेलन सेंट लुईसला होतं. वर्ना खोलीत शिरली तेव्हा मार्लिस पाठमोरी बसून ब्लाउज बदलत होती. तिची पाठ पाहून वर्ना दारातच थबकली. बरगडी न् बरगडी वर आलेली आणि कातडी हळदीसारखी पिवळी.

"दार लाव," मार्लिस वळूनही न पाहता म्हणाली. "आणि तोंडही मीट. माशी जाईल."

"मार्लिस, हे काय गं?"

"यकृत. वसंतातच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मी औषधं सोडली."

"आणि ड्वेन?"

"त्याला वाटतंय मला गुण येतोय. पिवळेपणा औषधाचा आहे म्हणून सांगितलंय. दवाखान्यात म्हणून गाडी काढते, तळ्याकाठी बसते आणि घरी येते."

"वेड लागलंय तुला! मी त्याला आत्ता फोन करते."

मार्लिसनं तिचं मनगट धरलं. हात काडीसारखा, पण पकड घट्ट. "ऐक. त्याला कळलं की तो मला उचलून इस्पितळात टाकणार. नळ्या घालणार, आणि उशाशी बसून रडणार. तो वाईट नाही गं, त्याला दुसरं काही येतच नाही. घरी मी महिनोन् महिने नुसती आजारी बाई आहे. इथं मी लेखिका आहे. एवढे चार दिवस बसू दे मला त्या सह्यांच्या टेबलाशी. मग सांगते त्याला सगळं. शपथ."

वर्नानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मार्लिस खरंच टेबलाशी बसली. तोंडावर पावडरचा थर, गळ्याला रेशमी रुमाल, ओठ भडक नारिंगी. पुस्तकांवर सह्या घ्यायला बायकांची रांग लागली होती. एक जाडजूड बाई कौतुकानं म्हणाली, "अय्या, किती बारीक झालात हो! काय खाता तरी काय?"

"काहीच नाही," मार्लिस म्हणाली. "खात्रीचा उपाय आहे."

रांग हसली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या वर्नाला मात्र आपल्याच पुस्तकावर सही करताना नाव लिहिता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मार्लिसला उठवेना. पाणीही पोटात टिकेना. ती भिंतीकडे तोंड करून पडली असताना ड्वेनचा फोन आला, वर्नाच्या मोबाइलवर.

"मार्लिस फोन उचलत नाहीये," तो म्हणाला. "बरी आहे ना ती?"

वर्नानं पलंगाकडे पाहिलं. मार्लिसनं डोळे न उघडता मान हलवली. नाही.

"खाली आहे ती, व्याख्यानाला," वर्ना म्हणाली. "मजेत आहे. नाश्त्याला दोन अंडी खाल्ली."

"दोन?" त्याचा आवाज एकदम हलका झाला. "वा! मग ठीक. राहू दे, त्रास नको द्यायला तिला."

वर्नानं फोन ठेवला. ड्वेन तेव्हाच निघाला असता तर दुपारपर्यंत पोहोचला असता.

दुपारी मार्लिसचा श्वास बदलला. छातीत काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. वर्नानं रुग्णवाहिका मागवली आणि मग ड्वेनला फोन लावून औषधं सोडल्यापासूनचं सगळं सांगितलं. माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खालच्या सभागृहात बक्षिसांचं जेवण चाललं होतं. टाळ्यांचा आवाज लिफ्टमधून वर येत होता.

ड्वेन संध्याकाळी पोहोचला. कामाच्या कपड्यांतच आला होता, बुटांना धुरळा. इस्पितळात बायकोला पाहून तो हॉटेलवर तिचं सामान न्यायला आला. तिची बॅग उचलून पलंगावर ठेवली. मग म्हणाला, "शेवटी काही बोलली?"

वर्ना आयुष्यभर असे प्रसंग लिहीत आली होती. शब्द आपोआप तोंडात आले. "म्हणाली, ड्वेनला सांग, पुन्हा जन्म मिळाला तर मी त्याच दाराशी येऊन उभी राहीन."

ड्वेननं तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"हे तुमच्या पुस्तकातलं आहे," तो म्हणाला. "त्या दीपगृहवाल्याच्या. शेवटून दुसरं पान."

वर्नाला कानशिलात बसल्यासारखं झालं. "तुम्ही वाचता?"

"ट्रक भरेपर्यंत तासन् तास थांबावं लागतं. तिची सगळी वाचलीत, तुमचीही वाचलीत. तिला कधी सांगितलं नाही, चिडवेल म्हणून." त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. "आता खरं सांगा. माझी बायको काय म्हणाली?"

वर्नानं सांगितलं. मार्लिसला गुदमरत होतं, खिडकी उघड म्हणाली. हॉटेलच्या खिडक्या उघडत नाहीत. तर म्हणाली, 'एवढे पैसे घेतात मेले आणि वाराही देत नाहीत.' त्यानंतर काही नाही.

ड्वेनच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथंच त्याचं रडू झालं. मोठा, अवजड माणूस, गुडघ्यांवर कोपरं टेकून हमसत होता. वर्नानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो बाजूला केला, हळूच, पण केला.

"दोन अंडी," तो म्हणाला. "ते ऐकून मी खूश झालो आणि टपरीवर जाऊन पोटभर जेवलो. ती इथं मरत होती आणि मी पाव खात होतो."

"तिनंच नको म्हटलं होतं, ड्वेन."

"माहीत आहे. हट्टीच होती ती. तिच्यावर मी रागावूही शकत नाही आता. म्हणून तुमच्यावर रागावणार. कळलं?"

"कळलं."

"अंत्यविधीला येऊ नका."

त्यानं बॅग भरली. कपडे घड्या न घालता कोंबले, नारिंगी लिपस्टिक मात्र शर्टाच्या वरच्या खिशात घातली आणि निघून गेला.

वर्ना अंत्यविधीला गेली नाही. नाताळात तिनं ड्वेनला एकदा फोन केला. त्यानं उचलला, तिचा आवाज ओळखला आणि ठेवून दिला. वसंतात प्रकाशकानं नव्या कादंबरीबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, लिहितेय. ती लिहीत नव्हती. नायिकेच्या तोंडी चांगलं वाक्य आलं की तिला ड्वेनची ती नजर आठवायची, आणि ती पान फाडून टाकायची.